जुन्या वंशाच्या तीन बरण्या

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा धुऊन सीताराम परब परत आला, तर कीटकघराच्या दारावर कागद चिकटवलेला होता. उद्यापासून रविवारपर्यंत चार दिवस इमारत बंद, सगळ्या मजल्यांवर झुरळ-ढेकणांसाठी फवारणी आणि धुरी. कोणत्याही खोलीला सूट नाही. खाली सही आणि शिक्का.

सीतारामने तो कागद दोनदा वाचला आणि तसाच जिना उतरून इमारतीची देखभाल पाहणाऱ्या हितेंद्र साहेबांकडे गेला. परळच्या त्या संशोधन संस्थेत तो तेहतीस वर्षं नोकरीला होता, आणि त्यातली तेहतीसही वर्षं कीटकघराच्या या एकाच खोलीत गेली होती. खोलीत काचेच्या बरण्यांत झुरळं पाळलेली असत. बाजारात नवीन औषध आलं की ते किती जहाल आहे हे याच झुरळांवर पाहिलं जाई. त्यासाठी एक वंश असा लागे ज्याच्या सात पिढ्यांत कुणी विषाचा वास घेतलेला नाही. बाहेरची झुरळं विष पचवून पचवून निबर झालेली. ती मरत नाहीत म्हणून औषध वाईट असं म्हणता येत नाही. हा जुना वंश चिंतामणी सरांनी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सुरू केला होता. सर रिटायर होताना सीतारामला म्हणाले होते, "यांना विष ठाऊक नाही, तेवढंच यांचं मोल. ते ठाऊक होऊ देऊ नकोस."

हितेंद्र साहेब वाईट माणूस नव्हता. सुट्टीचे चार दिवस सलग मिळाले म्हणून त्याने काम लावलं होतं आणि कंत्राटदार पुन्हा महिनाभर मिळणार नव्हता. त्याने हसून विचारलं, झुरळं मारायला येणाऱ्या माणसांना मी झुरळं वाचवायला सांगू का? मग सीतारामचा चेहरा बघून जरा नरमला, आणि म्हणाला की बरण्या हलवायच्या तर हलवा, पण इमारतीत कुठेही ठेवून उपयोग नाही, धूर सगळीकडे जाणार.

मृणालिनी मॅडम, म्हणजे या विभागाच्या प्रमुख, वडिलांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या होत्या. सीतारामने त्यांना फोन लावला. दुसऱ्या एका प्रयोगशाळेत याच वंशाच्या काही बरण्या ठेवल्या होत्या, त्या गेल्या उन्हाळ्यात मेल्या, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी माटुंग्याच्या एका कॉलेजात फोन लावून पाहिला. तिथेही सुट्टी लागलेली. शेवटी त्या म्हणाल्या, "परबदादा, तुम्हाला जमेल तसं करा. मी इथून काही करू शकत नाही हो."

जमण्यासारखी जागा एकच होती.

त्याचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत, शेवटच्या मजल्यावर. चाळ पुनर्विकासात गेलेली, निम्म्या खोल्या रिकाम्या. उरलेल्या घरांत कुणी दाराला विषारी खडूच्या रेघा ओढलेल्या, कुणी ओट्याखाली औषधाचे ठिपके लावलेले. सगळ्या चाळीत विषाचा थेंब नसलेली खोली एकच, ती सीतारामची. कारण त्याच्या बायकोला, चंपाला, दमा होता. फवाऱ्याचा नुसता वास आला तरी तिचा श्वास अडके. आणि डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं की धूळ आणि झुरळं, ही दोन तिची मोठी शत्रू. म्हणून ती रोज रात्री मोरीत उकळतं पाणी ओतायची, डब्यांची झाकणं फडक्याने पुसायची, खरकटं भांडं घटकाभर ठेवायची नाही. बारा बाय दहाच्या त्या खोलीत गेल्या कित्येक वर्षांत झुरळ दिसलं नव्हतं.

सीतारामने बारा बरण्यांतली चांगली-चांगली झुरळं तीन बरण्यांत घेतली. आधी बरण्या थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवल्या, म्हणजे ती गारठून सुस्त होतात. तांबूस, बोटाच्या पेराहून लहान अशी ही जात. काचेवरून सरळ चढते. त्यांना अडवायचा उपाय म्हणजे बरणीच्या तोंडाशी आतून दोन बोटं रुंदीचा पट्टा, पेट्रोलियम जेलीत पॅराफिन तेल कालवून लावलेला. पट्टा पातळ हवा. जाड लावला तर घसरतो, आणि पिल्लं त्यात चिकटून मरतात. मग त्यांच्या पाठीवरून बाकीची चढून जातात. हे सगळं सीतारामच्या बोटांना पाठ होतं. वरून मलमलीचं फडकं ताणून बांधलं, आत पुठ्ठ्याच्या घड्या, कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा, पाण्याची बुचाची कुपी. तिन्ही बरण्या खोक्यात घालून तो टॅक्सीने घरी आला.

चंपा ओट्याशी होती. त्याने सांगितलं की मॅडमचे जुने कागद आहेत, संस्थेत फवारणी आहे म्हणून आणले, सोमवारी परत न्यायचे. ती एवढंच म्हणाली, "माळ्यार ठेवू नकात. बाजूच्या रिकाम्या खोलीतसून उंदीर येतत, कुरतडतले." पण खोक्याला माळ्याशिवाय जागा नव्हती. आणि माळ्याची शिडी चढायला चंपाला दम पुरत नव्हता, हेही सीतारामने मनाशी धरलं होतं. त्या विचाराची त्याला तेव्हाच लाज वाटली. तरी खोकं त्याने वर चढवलं.

दसऱ्याच्या दिवशी ऊन असं पडलं की गच्चीची लादी तापून माळ्यावर भट्टी झाली. कीटकघरात यंत्राने हवा थंड ठेवलेली असे, तिथे पट्टा महिना-महिना टिके. इथे दहा वाजता सीताराम वर गेला, तर जेली वितळून काचेवरून ओघळत होती. त्याने बरण्या एकेक करून फडकं अर्धवट सोडून पुसल्या, नवा पट्टा लावला. बारा वाजता पुन्हा तेच. खाली चंपाने पाटावर शस्त्रं म्हणून सुरी, कात्री आणि त्याचा पाना मांडून पूजा केली होती. शेजारच्या रमाबाई आपट्याची पानं घेऊन आल्या. सीताराम माळ्यावरून घामाने निथळत उतरला तेव्हा त्या म्हणाल्या की सणाच्या दिवशी कसली साफसफाई काढली. चंपाने त्याच्या बोटांकडे पाहिलं. ती तेलकट चमकत होती.

संध्याकाळपर्यंत तो सात वेळा वर गेला. टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावली तर ती उन्हात वितळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण वाळल्यावर तिचा धुरळा उडतो, आणि त्या धुरळ्याने चंपाची छाती भरली असती. रात्री तिने विचारलं, कागदांना एवढं काय बघायचं असतं? तो म्हणाला, ओल येते. ऑक्टोबरच्या उन्हात कुठली ओल, हे तिने विचारलं नाही. सीताराम भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने तिला सांगितलेली ही बहुधा पहिली खोटी गोष्ट, आणि ती दिवसाला चार नव्या खोट्या गोष्टी मागत होती.

शुक्रवारी सकाळी जेलीची डबी संपली. एका बरणीचं फडकंही तेलाने भिजून सैल झालेलं. तो अकराला घराबाहेर पडला, नाक्यावरच्या मेडिकलमधून दोन डब्या घेतल्या आणि मलमल घ्यायला दादरला गेला. चांगल्या विणीची मलमल तीन दुकानं फिरल्यावर मिळाली. जिना चढताना एक वाजून गेला होता. दुसऱ्या मजल्यावर असतानाच त्याला खोकला ऐकू आला.

चंपा पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून बसली होती. पायाशी झाडू पडलेला. भिंतीवर कॅलेंडरच्या बाजूला चार, दाराच्या चौकटीवर दोन, आणि शिडीच्या दांड्यावरून एकामागून एक उतरणारी तांबूस रांग. जमिनीवर तिने मारलेली दहा-बारा. बोलायला तिला श्वास नव्हता. तिने हात पुढे केला आणि खिडकीतल्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे तिचा दम्याचा पंप होता.

खिडकी चार पावलांवर होती. शिडी दोन पावलांवर. सीतारामला नंतर कितीही आठवून पाहिलं तरी कळलं नाही की त्याने विचार केला होता की नाही. एवढंच खरं की तो तिच्या पुढे आलेल्या हाताच्या बाजूने गेला आणि शिडी चढला.

वर उंदराने एका बरणीचं फडकं कुरतडून रुपयाएवढं भोक पाडलं होतं. बिस्किटांच्या वासाने आला असणार. जेली ओघळून तळाशी गेली होती, आणि तिच्यात चिकटून मेलेल्या पिल्लांचा काळपट जिना काचेवर तयार झाला होता. त्यावरून मोठी झुरळं वर येत होती. दुसऱ्या बरणीचं फडकंही एका कडेने कुरतडलेलं, पण भोक बारीक. तिसरी धड होती. माळ्यावर प्यायच्या पाण्याचं पिंप होतं. सीतारामने पहिली बरणी तशीच उचलून फडक्यासकट पिंपात बुडवली आणि हाताने तळाशी दाबून धरली. दोनशे तरी होती. त्याच्या मनगटावर पाय लागत होते. दुसऱ्या दोन बरण्यांवर त्याने स्टीलच्या ताटल्या उपड्या घातल्या आणि वर वरवंटा ठेवला. मग खालचा आवाज ऐकू येईनासा झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

तो जवळजवळ पडतच उतरला. चंपाचे ओठ निळसर झाले होते. पंप तिच्या तोंडाशी धरून त्याने दोनदा दाबला, पुन्हा दोनदा. तिला तो ओढून घेण्याइतकाही जोर नव्हता. सीतारामने दारातून रमाबाईंना हाक मारली. त्यांनी गॅलरीतल्या माणसांना गोळा केलं, खुर्चीत बसवून चंपाला तीन मजले खाली आणलं.

हॉस्पिटलात मशीन लावलं, सुई दिली. तासाभराने तिच्या ओठांवर रंग परतला. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने बाहेर येऊन विचारलं की घरात काय झालं, आणि सीतारामने सगळं सांगितलं. खोटं सांगायचं त्राण उरलं नव्हतं. डॉक्टरने पुढे विचारलं, हे काम किती वर्षं करता? आणि संस्थेतून घरी जाताना कपडे बदलता का? सीताराम म्हणाला, नाही, घरी जाऊनच बदलतो. डॉक्टर शांतपणे म्हणाला की झुरळांच्या कातीची, विष्ठेची पूड कपड्यांना चिकटते. जिवंत झुरळ घरात नसलं तरी ती पूड येत राहते. रोज थोडी-थोडी. एखाद्याला त्यानेही दमा वाढतो. नक्की तेच कारण असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही विचार करा.

सीताराम बाकावर बसून राहिला. चंपाला दमा लागला तेव्हा त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून ती मोरी घासत होती.

संध्याकाळी तिला बोलता यायला लागलं. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"तुमी झुरळां हाडलात? माज्या घरात?"

तो हो म्हणाला. कुठून, का, सगळं सांगायला लागला. चिंतामणी सर, मॅडम, धूर. तिने मध्येच हात वर करून त्याला थांबवलं.

"तां जाऊंदे. तुमी आदी वर गेलात."

तिने डोळे मिटून घेतले. कळव्याला दिलेली मुलगी, अपेक्षा, तोवर येऊन पोचली होती. तिने बापाकडे न बघता आईच्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. इथून सुटली की आई माझ्याकडे येणार, एवढंच तिने सांगितलं.

शनिवारी सकाळी सीताराम घरी आला. दोन बरण्या ताटल्यांखाली तशाच होत्या. मारून टाकाव्यात असं त्याला अगदी मनापासून वाटलं. पिंप समोरच होतं. त्याने हात ताटलीवर ठेवला. पण मग शुक्रवारची ती दोन मिनिटं निव्वळ वाया गेली असती. चंपाचा हात ओलांडून तो ज्यासाठी वर गेला ते काहीच उरलं नसतं. हे कारण चांगलं की वाईट ते त्याला कळेना. एवढं मात्र त्याने ठरवलं की ती आता या खोलीत राहणार नाहीत.

त्याने बरण्या गच्चीवर नेल्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत कपडे धुवायचा मोठा टब ठेवला, त्यात साबणाचं पाणी भरलं, मध्ये विटा रचून विटांवर बरण्या. चढून बाहेर आली तरी पाण्यात पडतील आणि बाहेरचं कुणी आत येणार नाही. बरण्यांना नवी मलमल, वरून ओलं गोणपाट. सावली सरकली की तो टब सरकवी. तासाला पट्टा पुसून नवा लावी. गोणपाट सुकलं की भिजवी. दुपारी रमाबाई डाळभात घेऊन वर आल्या. त्याच्या अवस्थेकडे बघत त्या कठड्याशी उभ्या राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सीतारामभावोजी, माणसं एवढं कुणासाठी करत नाहीत. तुम्ही चंपासाठी तरी केलंत का कधी?" त्या तोडून बोलल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. सीतारामने ताट घेतलं, कठड्यावर ठेवलं आणि तो गोणपाट भिजवायला गेला.

रविवारी दुपारी वारा पूर्ण पडला. जिचं फडकं कुरतडलं गेलं होतं त्या बरणीतली झुरळं एकामागून एक उताणी होऊ लागली. त्याने ओल्या कापडाने बरणी गुंडाळली, वर्तमानपत्राने वारा घातला, फडकं उघडून हवा दिली आणि तोंडाशी स्वतःचं बोट फिरवत चढणाऱ्यांना खाली ढकललं. चार वाजेपर्यंत त्या बरणीत हालचाल उरली नाही. तिसरीत साठेक जिवंत होती, त्यांतल्या पाच माद्यांच्या पोटाशी अंड्यांच्या कुप्या होत्या. सीताराम टाकीला टेकून खाली बसला आणि कुणी बघत नाही हे पाहून रडला. साठासाठी की दोनशेसाठी की चंपासाठी, ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी मृणालिनी मॅडम नागपूरहून थेट संस्थेत आल्या. बरणी उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारायला हवं होतं तेच विचारलं: यात बाहेरचं एकही शिरलं नाही ना? नुसतं हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. घरच्या भिंतीवर चाळीतलं झुरळ आणि बरणीतलं झुरळ शेजारी-शेजारी बसलं तर त्यालाही ओळखता आलं नसतं. ही बरणी धड होती, पण गुरुवारी माळ्यावर ती सात वेळा आणि नंतर गच्चीवर तासातासाला उघडली गेली होती.

"सांगता येत नाही मॅडम," तो म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी शिरताना बघितलं नाही. पण शपथ घेणार नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणजे आता पिल्लं निघेपर्यंत थांबायचं, मोठी होऊ द्यायची, मग काहींवर सगळ्यात हलक्या मात्रेचं औषध लावून बघायचं. तोवर हा वंश संशयित. त्या रागावल्या नाहीत, आणि सीतारामला ते जास्त जड गेलं. त्याने कीटकघराची किल्ली टेबलावर ठेवली आणि रिटायर होईपर्यंतचे पाच महिने भांडारात काम द्या अशी विनंती केली. डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. नव्या माणसाला पट्टा कसा लावायचा ते मी खिडकीबाहेरून शिकवीन, आत येणार नाही, असं तो म्हणाला.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्याने घर धुतलं. विष वापरता येत नव्हतं. त्याने लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, आत पावाचा तुकडा आणि गूळ ठेवला, तोंडाशी आतून जेली लावली आणि बाहेरून चढायला चिंधी गुंडाळली. झुरळं आत उतरत, वर येता येत नसे. पहिल्या दिवशी एकोणीस सापडली, दुसऱ्या दिवशी अकरा. दहाव्या दिवसानंतर एकही नाही, तरी तो बरण्या लावत राहिला. कीटकघरात घातलेले सगळे शर्ट-पँट त्याने चाळीबाहेर नेऊन टाकले. गाद्या उन्हात घातल्या, पडदे उकळले. बाजूच्या रिकाम्या खोलीच्या भिंतीतलं उंदराचं भोक सिमेंटने बुजवलं. दर रविवारी तो कळव्याला जाई. चंपा समोर बसे, पाणी देई, दम बरा आहे म्हणे. अपेक्षा त्या दोघांना एकटं सोडून खोलीतून उठून जात नसे.

चंपा डिसेंबरात परत आली. मुलीकडे किती दिवस राहायचं, असं तिचं म्हणणं. दारात उभी राहून तिने सगळी खोली नजरेने चाचपली. त्याच आठवड्यात मृणालिनी मॅडम भांडारात आल्या. वीस पिल्लांना सगळ्यात हलकी मात्रा लावली होती, दुपारच्या आत वीसही मेली. वंश शुद्ध होता. त्यांनी सीतारामचा हात हातात घेतला.

घरी येऊन त्याने गॅलरीतच शर्ट बदलला आणि आत येऊन चंपाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. झुरळं मेली यात आनंद कसला, हे तिला समजावून सांगायला त्याला थोडा वेळ लागला. तिने ऐकून घेतलं. एवढ्या वर्षांत त्याच्या कामाबद्दल तिने इतका वेळ कधी ऐकलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे वर गेलात ता फुकट गेला नाय," ती म्हणाली.

"गेलं," सीताराम म्हणाला. "मी आधी तुला पंप द्यायला हवा होता. वंश वाचला म्हणून ते बरोबर ठरत नाही."

हे त्याने पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. चंपाने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"आणि परत तसा झाला तर?"

"तर आधी खिडकीकडे जाईन."

तिने त्याच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, जसं डब्याचं झाकण नीट बसलंय का ते पाहावं.

"बघूया," ती म्हणाली, आणि ताट पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.